वाचक विचारतात : उसातला पट्टेदार प्राणी स्कंक असेल का?

प्रश्न : आमच्या उसाच्या फडाजवळ रात्री पाठीवर पट्टे असलेला एक प्राणी दिसतो आणि तो गेल्यावर उग्र वास राहतो. मुलगा म्हणतो, हा स्कंक आहे. ते खरे आहे का? आणि स्कंकचा वास इतके दिवस का टिकतो?
– एक शेतकरी वाचक, ता. गेवराई, जि. बीड

उत्तर : आपण पाहिलेला प्राणी स्कंक असणे शक्य नाही, कारण स्कंक भारतात आढळत नाही. पट्टेदार स्कंकचा प्रदेश दक्षिण कॅनडापासून उत्तर मेक्सिकोपर्यंतचा. आपल्याकडच्या प्राण्याचे अंग करडे, पाठीवर लांब रेघा, कुशीवर ठिपके आणि शेपटीवर काळी वलये असतील, तर ते बहुधा जवादी मांजर असावे. ते उंदीर आणि किडे खाते, त्यामुळे त्याला मारू नये, ही कळकळीची विनंती. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार त्याला संरक्षण आहे.

मुलाचे कुतूहल मात्र योग्य आहे. स्कंक काळाभोर असतो. डोक्यापासून निघालेला पांढरा पट्टा पाठीवर दुभंगून झुपकेदार शेपटीकडे जातो आणि हा ठळक रंगच शत्रूला पहिला इशारा असतो. तेवढ्याने शत्रू हटला नाही, तर स्कंक पुढचे पाय जमिनीवर आपटतो, शेपूट उभारतो आणि त्यानंतरच गुदद्वाराजवळच्या दोन ग्रंथींमधून सुमारे तीन मीटरपर्यंत फवारा मारतो. ग्रंथींतला साठा थोडा असून तो पुन्हा भरायला काही दिवस लागतात; त्यामुळे आपण समजतो तसा हा प्राणी ऊठसूट फवारत नाही. शिंगी घुबडावर मात्र या वासाचा फारसा परिणाम होत नाही आणि ते स्कंकची शिकार करते.

वासाचे मूळ थायॉल या गंधकयुक्त संयुगांत आहे. फवाऱ्यात थायोअ‍ॅसिटेट नावाची संयुगेही असतात. त्यांना सुरुवातीला तितकासा वास नसतो, परंतु पाण्याशी संयोग होताच त्यांचे हळूहळू थायॉल बनते आणि म्हणूनच फवारा बसलेला कुत्रा कित्येक दिवसांनी भिजला तरी पुन्हा घाण मारू लागतो. टोमॅटोच्या रसाने वास जातो, हा अमेरिकेतला लोकप्रिय समज चुकीचा आहे. पॉल क्रेबॉम या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये सुचवलेले हायड्रोजन पेरॉक्साइड, खाण्याचा सोडा आणि द्रव साबण यांचे मिश्रण थायॉलचे ऑक्सिडीकरण करून वास मोडते. ते लागेल तेव्हाच ताजे बनवावे लागते, कारण बंद बाटलीत साठवल्यास त्यातून सुटणाऱ्या ऑक्सिजनच्या दाबाने बाटली फुटू शकते.