लायब्ररीचं वेब ब्रँडिंग: आधी लॉगिनचं पान बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. नेरूळच्या विद्यापीठात नव्याने रुजू झालात, लायब्ररीची वेबसाइट तुमच्याकडे आली, जनसंपर्क विभागाने ४० पानी ब्रँड मॅन्युअल पाठवलंय, आणि ग्रंथपाल सरांना लायब्ररीचा वेगळा लोगो आणि वेगळा रंग हवाय, तर स्टँडर्ड ठरवायला सुरुवात कुठून करायची. मी नवी मुंबईतच एका विद्यापीठाच्या लायब्ररीत १२-१३ वर्षं हेच काम करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लोगो, रंग, फॉन्ट सगळं चार दिवस बाजूला ठेवा आणि मोबाइलवर विद्यार्थ्यासारखं एक जर्नल उघडून बघा. घरच्या नेटवरून, कॅम्पसच्या वायफायवरून नाही. मला हे एका एमएस्सीच्या मुलीने शिकवलं. काउंटरवर आली, हातात फोन, म्हणाली, सर, पेपर उघडायला गेलं की भलतंच पान येतं आणि पासवर्ड मागतं, मी लगेच बंद करते. मी फोन हातात घेऊन बघितलं. आमची साइट मरून रंगाची, तिथून कॅटलॉगवर गेलं की कोहा या लायब्ररी सॉफ्टवेअरचं जसंच्या तसं मूळ रूप, आणि पुढे लॉगिनला एक पांढरंफटक पान, दोन रिकामे चौकोन, विद्यापीठाचं नाव कुठेच नाही, वरचा पत्ता बाहेरच्या कंपनीचा. अख्खं सेमिस्टर ती मुलगी पैसे भरून घेतलेल्या जर्नल्सपर्यंत पोचलीच नव्हती, आणि चूक तिची नव्हतीच, तिने जे केलं तेच शहाणपणाचं होतं.

कारण लायब्ररीच्या लॉगिन पानांची नक्कल करून पासवर्ड चोरणं हे खरंच होतं. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने ९ इराणी लोकांवर आरोप ठेवले, त्यात अमेरिकेतली १४४ आणि बाहेरच्या २१ देशांतली १७६ विद्यापीठं लक्ष्य झाल्याचं म्हटलं होतं. ही टोळी हुबेहूब लायब्ररीसारखी दिसणारी लॉगिन पानं बनवायची. म्हणजे नुसतं रूप सारखं ठेवून भागत नाही, रूप कोणीही उचलतो. म्हणून माझ्या मते स्टँडर्डमधला पहिला नियम पत्त्याचा हवा. लायब्ररीचं प्रत्येक पान, कॅटलॉग, रिपॉझिटरी (प्रबंध-शोधनिबंधांचा साठा) आणि लॉगिन हे सगळं विद्यापीठाच्या एसी डॉट इन (.ac.in) पत्त्याखालीच. हा पत्ता केंद्र सरकारच्या अर्नेट संस्थेकडून फक्त शैक्षणिक संस्थांनाच मिळतो, त्यामुळे तो आपला सगळ्यात भक्कम ब्रँड आहे. आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकताना आखूड केलेली लिंक, जिच्यात खरा पत्ता दिसत नाही, ती कधीच टाकायची नाही, हेही त्यात लिहूनच ठेवा.

आता वेगळ्या लोगोबद्दल. सरांना दुखवू नका पण लोगो नकोच. आपल्याकडे नुसतं सेक्टर १५ म्हटलं तर रिक्षावाला विचारतो कुठला, वाशी, नेरूळ की बेलापूर? तसंच लायब्ररीचं आहे, विद्यापीठाच्या नावाशिवाय ती सापडत नाही. विद्यापीठाचं चिन्ह आणि शेजारी साध्या अक्षरांत लायब्ररीचं नाव, बस. चिन्हाची लहान आवृत्ती मात्र जनसंपर्कवाल्यांकडून मागून घ्या, कारण गोल शिक्का, आत दिवा, कडेने ब्रीदवाक्य, हे सगळं मोबाइलच्या कोपऱ्यात नुसता डाग दिसतं.

नावाचंही आधी ठरवा. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात लायब्ररीला ज्ञानस्रोत केंद्र म्हटलंय, आमच्याकडे कागदोपत्री तेच नाव, पण मुलं लायब्ररीच म्हणतात आणि लायब्ररीच टाइप करतात. आम्ही वरच्या पट्टीत अधिकृत नाव ठेवलं आणि मेनूत, नोटिशीत, सगळीकडे लायब्ररी. तसंच ओपॅक (म्हणजे ऑनलाइन कॅटलॉग) हा शब्द काढून पुस्तक शोधा, रिमोट अ‍ॅक्सेस काढून घरून वाचा. एवढ्यानेच काउंटरवरचे अर्धे प्रश्न कमी झाले असं मला तरी जाणवलं.

रंगाच्या बाबतीत मॅन्युअलमधले रंग घ्या पण मोजून घ्या. अक्षर आणि मागचा रंग यांचा कॉन्ट्रास्ट साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांना ३ ला १ लागतो, हे वेबच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता नियमांतलं आहे. आमच्या मॅन्युअलमध्ये मरून आणि केशरी होते. पांढऱ्यावर मरून ११ ला १ च्या आसपास, मस्त. पांढऱ्यावर केशरी जेमतेम २ ला १, आणि आमच्या सगळ्या लिंका केशरी! दुपारी ऐरोली स्टेशनवर उन्हात उभं राहून वाचून दाखवा बरं. आम्ही केशरी फक्त पट्टीला ठेवला, त्यावर अक्षरं काळी, आणि लिंका मरून, खाली रेघेसह. जनसंपर्कवाल्यांनी आधी नाही म्हटलं, आकडे दाखवल्यावर मान्य केलं, आपली आवड सांगून वाद घातला असता तर हरलो असतो.

मराठीवर मात्र तुम्हालाच भांडावं लागेल, कारण ही मॅन्युअल्स इंग्रजी अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून बनलेली असतात. शीर्षकात अक्षरांमध्ये अंतर वाढवा असं त्यात असतं, ते देवनागरीला लावलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. तिरकी अक्षरं नकोत, बहुतेक देवनागरी फॉन्टांत ती नसतातच, ब्राउझर सरळ अक्षर ओढून वाकडं करतो. दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट तरी ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांवर चढतात. फॉन्ट मुक्त परवान्याचा घ्या, मुक्ता (Mukta) किंवा नोटो (Noto) दोन्ही चालतात. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे हे सांगायला विसरू नका, नाहीतर नोटोसारख्या फॉन्टात ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मला ते दिसलं की अजूनही बोचतं, आपल्या विद्यापीठाच्या पानावर आपलं अक्षर आपल्या वळणाचं दिसायलाच हवं. आणि युनिकोडच्या आधीच्या श्रीलिपी फॉन्टातल्या जुन्या नोटिशी कॉपी-पेस्ट करू नका, युनिकोडमध्ये नीट करून घ्या.

कोहाचं रूप बदलताना टेम्पलेटच्या फायलींना हात लावू नका, अपग्रेडला सगळं पुसलं जातं. सिस्टम प्रेफरन्सेसमध्ये ओपॅकसाठी स्वतःचं सीएसएस (पानाचं रूप ठरवणारा कोड) टाकायची जागा आहे, तिथेच रंग आणि पट्टी बसवा आणि त्याची एक प्रत वेगळी ठेवा. प्रकाशकांच्या साइटवर आपला फारसा हात चालत नाही, पण बऱ्याच जणांच्या अ‍ॅडमिनमध्ये संस्थेचं नाव आणि लोगो टाकायची सोय असते, एक दिवस बसून ते सगळीकडे सारखं भरा.

राहिली नोटीस. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी जो कोणी वेळापत्रक टाकतो तो सही-शिक्क्याचा फोटो काढून चिकटवतो. दृष्टिहीन विद्यार्थ्याचं स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, तो फोटो सहसा नीट वाचू शकत नाही, शोधलं तर सापडतही नाही. आधी मजकूर टाइप, मग हवा तर फोटो. वेळा एकाच पानावर, बाकी सगळीकडून त्याची लिंक.

हे सगळं दोन पानांत मावतं, तेवढंच लिहा आणि काउंटरच्या लोकांना वाचायला द्या, त्यांना कळलं नाही ते वाक्य बदला. जनसंपर्क विभागाला मेल करताना पहिल्यांदा तुमच्या लॉगिन पानाचा स्क्रीनशॉट पाठवा आणि शेजारी विद्यापीठाच्या मुख्य पानाचा. आमचं काम त्या दोन चित्रांनी हललं. तुमचे स्क्रीनशॉट झाले की मलाही दाखवा, मजकूर लिहायला मदत करतो.