ओब्राकला जाण्याआधी

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. प्रबंधासाठी निवडलेल्या फ्रेंच गावांची यादीही पाहिली. सगळी कॅलेंडरवर शोभणारी गावं आहेत. माझं ऐकशील तर ती यादी बाजूला ठेव आणि दक्षिणेला ओब्राकच्या पठारावर जा. सँ-शेली-दोब्राक हे जेमतेम पाचशे वस्तीचं गाव आहे. फ्रान्समधल्या सुमारे ३५ हजार गावा-शहरांपैकी निम्म्याहून अधिक याच आकाराची किंवा याहून लहान. प्रत्येकाला स्वतःचा निवडून आलेला मेअर असतो. आपला सरपंचच म्हण.

मेच्या अखेरीस पोच. २५ मेच्या सुमाराला गुरं पठारावरच्या कुरणात चढतात, गळ्यात घंटा, शिंगांवर फुलं. पर्यटक फोटो काढून परततात. तू थांब. पूर्वी गुरं १३ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे १४२ दिवस वर असायची आणि त्यांच्यासोबत ‘ब्युरों’ नावाच्या दगडी झोपड्यांत चीज करणारी माणसं. मुख्य कारागीर ‘कांतालेस’, गुराखी ‘पास्त्र’, वासरं सांभाळणारा ‘वेदलिए’ आणि सगळ्यात लहान, पडेल ते काम करणारा पोरगा ‘रूल’. वासराला आधी दोन घोट पाजल्याशिवाय गाय पान्हा सोडायची नाही. हे तुला वेगळं समजावून सांगायला नको, तुझ्या आजीच्या गोठ्यात तू ते पाहिलंयस.

ही कामं करायला माणसं उरेनात, कारण गावं पॅरिसला निघाली. ओब्राकच्या लोकांनी तिथं कोळसा विकला, दारू विकली, मग कॅफे थाटले. गावचा माणूस गावच्याच पोराला कामाला बोलवायचा. कोकणातल्या चाकरमान्यांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. म्हणून सांगते, ‘खेडं ओस पडलं’ एवढंच लिहून मोकळी होऊ नकोस. गेलेल्यांची घरं कोण राखतं, उन्हाळ्यात कोण परततं, तेही बघ. मागे राहिलेल्यांनी १९६० साली पठारावरच्या लॅयोल गावात सहकारी संस्था काढून तिथलं चीज वाचवलं. सहकाराचं मोल महाराष्ट्रातल्या मुलीला कळायला हवं. त्या भागाचा खरा स्वभाव मला या संस्थेत दिसतो, मिरवणुकीत तितका नाही.

वागण्याचं एकच सांगते. दुकानात शिरताना आधी ‘बोंजूर’ म्हण, मग काय हवं ते माग. मी पहिल्या आठवड्यात थेट पाव मागत होते. लोक तुटक का बोलतात हे मला कळेना, आणि त्यांना उद्धट समजून मी वहीत तसं लिहूनही टाकलं. ते पान मी नंतर फाडलं, त्याची अजून लाज वाटते.

पहिल्या महायुद्धात मेलेल्यांचा स्तंभ तिथं जवळजवळ प्रत्येक गावात असतो. नावं सावकाश वाच. एकच आडनाव दोनदा, तीनदा आलं की मनात त्या घरातल्या माणसांची मोजदाद कर.

आणि बटाटा व ताजं चीज घोटून केलेला लांब तारांचा ‘आलिगो’ कुणी वाढला तर पोट भरलंय म्हणू नकोस. शेजारी एखादे ऐंशीपुढचे आजोबा बसले असतील. ते कितव्या वर्षी ‘रूल’ म्हणून वर गेले होते, एवढंच विचार, आणि वही पिशवीतच राहू दे.

तुझी,
ताई