आधी कोवळा पृष्ठभाग दाखव, मग रेघ ओढ

अनेक आशीर्वाद.

काश्मीर खोऱ्याचा तुझा नकाशा पाहिला. शोपियानपासून बारामुल्लापर्यंत रेघाच रेघा, आणि खाली प्रश्न: यातले सक्रिय फॉल्ट (भूकंपात जमीन जिथे तुटून सरकते त्या, अजून जिवंत असलेल्या भेगा) कोणते? अरे, हे रेघ ओढण्याआधी विचारायचं असतं. रेघ म्हणजे फॉल्ट नव्हे. तिने कुठला कोवळा पृष्ठभाग (भूशास्त्राच्या हिशेबाने अलीकडे तयार झालेली जमीन) कापला ते दाखवता आलं, तरच तिला सक्रिय म्हणायचं.

करेव्यांचा, म्हणजे काश्मिरातल्या सपाट माथ्याच्या पठारांचा, गाळ फसवा असतो. खाली तळ्यात साचलेले मऊ थर, वर लोएस, म्हणजे वाऱ्याने आणलेली बारीक माती. ओढे दोन्हींत सरळसोट कडे कोरतात. त्यात बागांसाठी जमीन सपाट केली की बांधही कड्यासारखे दिसतात. म्हणून 1960च्या दशकातली कोरोना या अमेरिकी हेर उपग्रहाची चित्रं आधी बघ, मग आपल्या कार्टोसॅट उपग्रहाची स्टिरिओ जोडी, म्हणजे उंचसखलपणा दाखवणारी दोन कोनांतली चित्रं. 30 मीटरच्या डीईएमवर (जमिनीच्या उंचीच्या डिजिटल नकाशावर) 3 मीटरचा कडा शोधत बसू नकोस, तो त्यात नाहीच.

नदीमंचाचा (नदीने मागे सोडलेल्या, पायरीसारख्या सपाट जमिनीचा) कडा नदीला धरून चालतो. फॉल्टचा कडा मंचामागून मंच ओलांडतो, आणि जुन्या मंचावर तो जास्त उंच भरतो, कारण त्या मंचाने जास्त भूकंप सोसलेले असतात. शोपियानजवळच्या रंबियारा नदीकाठचा बालापूर फॉल्ट याच नजरेने बघ. तो ईशान्येकडे कललेला उलट फॉल्ट आहे, म्हणजे वर उचलली जाते ती ईशान्य बाजू, आणि कड्याचं तोंड नैर्ऋत्येच्या पीरपंजाल डोंगररांगेकडे, खोऱ्याच्या उताराविरुद्ध. असा कडा ओढा सहसा कोरत नाही. तुझ्या रेघांपैकी किती उताराविरुद्ध तोंड करतात, ते आधी तपास.

मग आरटीके (सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएस) घेऊन कड्याला काटकोनात प्रोफाइल, म्हणजे जमिनीच्या उंचीची रेषा, घे, दोन्हीकडे शंभरेक मीटर तरी. माथ्यापासून पायथ्यापर्यंत टेप लावून आलेली उंची म्हणजे विस्थापन, म्हणजे फॉल्टवर जमीन किती सरकली ते, नव्हे. दोन्ही बाजूंच्या मंचांच्या उताररेषा फॉल्टपर्यंत वाढव आणि त्यांच्यातलं उभं अंतर मोज. कडा उताराविरुद्ध असेल तर टेप कमीच दाखवते. दोन बाजूंचा मंच एकच आहे याची खात्री नसेल तर प्रोफाइलही खोटं.

जुने भूकंप वाचायला फॉल्टवर आडवा खंदक घ्यायचा तो बारीक पूरगाळ साचलेल्या जागी. नुसत्या गोट्यांत थर वाचता येत नाहीत. दीड मीटरच्या खाली पायऱ्या पाड, उभ्या भिंतीखाली कोणी उतरता कामा नये. भिंत खरवडून 1 मीटरची दोरीजाळी लाव, 1:20वर लॉग, म्हणजे भिंतीतल्या थरांचं मापात चित्र, काढ. फॉल्टने तोडलेला सगळ्यात वरचा थर आणि त्याच्यावरचा अखंड थर, दोन्हींचं वय काढ; भूकंप त्यांच्या मधला. कार्बनवरून वय काढायला घेतलेला कोळसा जुना, वाहून आलेला असू शकतो, तेव्हा एकाच तुकड्यावर विसंबू नकोस. हिमालयातला क्वार्ट्झ ओएसएलला (वाळूच्या कणांवर शेवटचा उजेड कधी पडला त्यावरून वय काढायच्या पद्धतीला) मंद प्रतिसाद देतो, फेल्डस्पार हे दुसरं खनिजही तपासून घे.

आता तू म्हणशील, 1905च्या कांगडा भूकंपात आणि 2015च्या गोरखा भूकंपात तुटलेला फॉल्ट पृष्ठभागावर आलाच नाही, मग काय? मग वरच्या थरांना पडलेली घडी शोध: उचललेले, तिरपे झालेले मंच. तिथेही पुरावा कोवळ्या पृष्ठभागाचाच. आणि 2005मध्ये बालाकोट ते बाग पट्ट्यात सुमारे 70 किलोमीटर जमीन उघड फाटली, हेही लक्षात असू दे.

लोक मला हटवादी म्हणतात. खुशाल म्हणोत. या रेघांवरून शाळा कुठे बांधायची ते ठरतं. खोटी रेघ आणि सुटलेली रेघ, दोन्ही महागात पडतात.

पुढचा नकाशा पाठवशील तेव्हा प्रत्येक रेघेशेजारी कापलेल्या मंचाचं नाव आणि प्रोफाइलचा क्रमांक हवा. अंदाजाच्या रेघा तुटक ठेव. ज्यांच्याशेजारी लिहायला काहीच नसेल, त्या नकाशाच्या वेगळ्या थरात टाक आणि त्यांना फॉल्ट म्हणू नकोस.