दुर्मीळ आजार की विरळ आजार?

प्रश्न असा आहे की मेडिकल रिसर्चच्या निधीचा अर्ज मराठीत करताना ‘रेअर डिसीज’ला दुर्मीळ आजार लिहायचं की विरळ आजार, आणि त्यानं पात्रतेत काही फरक पडतो का.

आधी शब्द बघू. दुर्मीळमधला मीळ हा मिळणेतलाच, म्हणजे जे सहज मिळत नाही ते. दुर्मीळ नाणी, दुर्मीळ पुस्तकं, लोक शोधत फिरतात अशा वस्तू. आजार कोण शोधत फिरतं? विरळ हा दाटच्या उलटा, विरळ वस्ती, विरळ केस, म्हणजे एवढ्यात किती हा हिशोब त्या शब्दातच आहे आणि इथे नेमका तोच हवाय. मला विरळच जास्त पटतो. पण पेपरात, हॉस्पिटलात दुर्मीळ इतका रुळलाय की पेशंटचे आईवडील सर्च करताना तोच टाकणार, म्हणून नाव दुर्मीळच ठेवा (त्यातला ‘मी’ दीर्घ).

पात्रता मात्र नावावर नाही, व्याख्येवर ठरते, आणि ती व्याख्या जागेप्रमाणे बदलते. अमेरिकेत देशभरात २ लाखांपेक्षा कमी पेशंट असतील तर रेअर, युरोपियन युनियनमध्ये १० हजारांत ५ पर्यंत, जपानमध्ये ५० हजारांपेक्षा कमी. आपल्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात असा आकडाच नाही, उपचार कसा आणि किती खर्चाचा त्यावरून आजारांचे तीन गट केलेत. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं बघा, अमेरिकेत साधारण १ लाख पेशंट म्हणून तो तिथे रेअर, आणि आपल्या नंदुरबार-गडचिरोलीत आदिवासी घरांमध्ये विचारा, दुर्मीळ म्हणाल का त्याला? त्यामुळे कुठल्या देशाची व्याख्या धरलीय ते अर्जात पहिल्याच वाक्यात यायलाच हवं.

अजून एक, ‘प्रमाण’ हा शब्द नुसता सोडू नका प्लीज. आज एकूण किती पेशंट आहेत ते वेगळं आणि वर्षाला नवीन किती सापडतात ते वेगळं, मराठीत आपण दोन्हीला प्रमाणच म्हणतो आणि मग घोळ होतो, कारण आजार जन्मभर चालणारा असेल तर नवीन थोडे आणि एकूण बरेच असं असू शकतं. युरोपची व्याख्या एकूण पेशंटची आहे, तेव्हा सरळ लिहा, ‘ज्या आजाराचे सध्याचे एकूण रुग्ण दर १० हजार लोकांमागे ५ किंवा त्याहून कमी आहेत’. लांबलंय वाक्य, पण चालेल.