बायबलमधले 'षंढ' : 'तृतीयपंथी' म्हणावं का?

प्रश्न असा आहे : ऑस्टन हार्टकी या अमेरिकी अभ्यासकाच्या, ट्रान्स ख्रिस्ती व्यक्ती आणि बायबल या विषयावरच्या 'ट्रान्सफॉर्मिंग' (२०१८) या पुस्तकाविषयी मराठीत लिहायचं आहे. त्यात बायबलमधल्या षंढांचा विषय येतो. तिथे सरळ 'तृतीयपंथी' लिहिलं तर चालेल का?

माझं मत, लिहू नये. हार्टकी स्वतः ट्रान्स पुरुष (जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेले पुरुष) आहेत आणि हिब्रू बायबलचे अभ्यासक. पण तेव्हाचे षंढ म्हणजेच आजच्या ट्रान्स व्यक्ती, असा त्यांचा दावा नाही. दोघांत साम्य कुठे आहे, ते ते दाखवतात. बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकातलं वचन २३:१ षंढाला परमेश्वराच्या मंडळीत येऊ देत नाही. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात (अध्याय ५६) मात्र देवाने त्यालाच सांगितलंय, स्वतःला वाळकं झाड म्हणू नकोस. मुलामुलींहून उत्तम असं स्मारक आणि नाव तुला माझ्या घरात मिळेल. (जेरुसलेमच्या 'याद वाशेम' या ज्यू हत्याकांडाच्या स्मारकाचं नाव याच वचनातलं.) पुढे 'प्रेषितांची कृत्ये' ८ मध्ये कांदके राणीचा खजिनदार, तोही षंढच, रथात यशयाच वाचत असतो. वाटेत पाणी दिसताच तो सोबतच्या फिलिप्प या ख्रिस्ती प्रचारकाला विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला हरकत काय? आणि दोघेही पाण्यात उतरतात. हा प्रसंग वाचताना मला दर वेळी भरून येतं. इथे आधीच 'तृतीयपंथी' लिहिलं, तर हार्टकींना जे पटवून द्यायचंय ते आपण गृहीतच धरून बसतो.

मूळ हिब्रू शब्द 'सारीस'. त्याचा अर्थ नुसता दरबारी अंमलदार असाही होतो. योसेफाला विकत घेणारा पोटीफरही सारीसच, आणि त्याला तर बायको होती. मराठीत 'खोजा' सगळ्यात जवळचा : राजवाड्यातला, विश्वासातला, खच्ची केलेला सेवक. त्या नावाचा मुस्लिम समाज आहे, म्हणून पहिल्यांदा वापरताना खुलासा करावा. 'षंढ' आता शिवीसारखा झालाय. तो वचन उद्धृत करतानाच ठेवावा.

आजच्या व्यक्तींसाठी मी 'पारलिंगी' लिहीन. 'तृतीयपंथी' वर्तमानपत्रांत रुळलाय, पण तो वाचून डोळ्यांपुढे हिजडा समाज येतो. हार्टकींसारखा ट्रान्स पुरुष येत नाही. शिवाय ख्रिस्ती लेखनात पंथ म्हणजे कॅथलिक, प्रोटेस्टंट. 'तृतीयपंथी ख्रिस्ती' वाचून चर्चमधल्या माणसाचा गोंधळ व्हायचा. 'उभयलिंगी' तर नकोच. ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या केंद्रीय कायद्याच्या हिंदी नावात तो असला, तरी मराठी शाळेत आपण तो गांडुळाच्या धड्यात शिकतो.