एकाच बाटलीतल्या कॅप्सूल, भावाचं कमी अन् माझं जास्त?

सोलापुरातली गड्ड्याची यात्रा संपली त्याच आठवड्यात एक काका आले, टॉवेलचा कारखाना, वय बावन्न, हातात स्वतःचे दोन रिपोर्ट, खुर्चीत बसायच्या आधीच सुरू, "मॅडम, धाकट्याचं कोलेस्ट्रॉल कमी झालंय अन् माझंच कसं काय वाढायलंय?" दोघं भाऊ एकाच घरात, भाकरी एकाच तव्यावरची, फिश ऑइलच्या कॅप्सूल पण एकाच बाटलीतल्या, तीन महिने, मित्राने सांगितलं म्हणून, डॉक्टरांना न विचारता. हे असं विचारणारे माझ्याकडे बरेच येतात.

काकांचे रिपोर्ट बघितले तर ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, २९० चे २०५ झालेले! म्हणजे कॅप्सूलने तिचं काम केलंच होतं, फिश ऑइल मुळात त्याच्यासाठीच, एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्ट्रॉल उतरवायचं औषध ते नाहीच, पण 'कोलेस्ट्रॉलला चांगलं' म्हणून खपतं त्याला काय करणार. एलडीएल मात्र ११८ चा १४६.

काकांना सांगितलं, रक्तातली चरबी वाहून नेण्याशी संबंधित एपीओई नावाचा एक जीन असतो, त्याचे मुख्य प्रकार तीन, ई२, ई३, ई४, आईकडून एक येतो वडिलांकडून एक, त्यामुळे सख्ख्या भावांची जोडी पण वेगळी असू शकते. बहुतेकांकडे ई३ असतो. ई४ वाल्या पुरुषांत मोठ्या डोसने, म्हणजे दिवसाला तीन-एक ग्रॅम ईपीए-डीएचए (फिश ऑइलमधले दोन ओमेगा-३), एलडीएल वाढलेला काही अभ्यासात दिसलाय, त्यातही डीएचएने जास्त. आणि ई४ नसला तरी ट्रायग्लिसराइड जास्त असलेल्या माणसात ते उतरताना एलडीएल कधीकधी वर सरकतो, त्यामुळे काकांचं नेमकं कारण जीनच असं मी छातीठोक नाही सांगणार.

"मग जीनची टेस्ट करून टाकू का?"

इथं मी जरा थांबवते. ई४ निघाला की त्याच रिपोर्टात अल्झायमरची रिस्क जास्त असल्याचं पण कळतं, होणारच असं नाही, पण एकदा कळलं की डोक्यातून जात नाही, आणि भावाला-मुलांना पण तेच टेन्शन. एवढ्यासाठी कशाला? सहा-आठ आठवड्यांनी परत लिपिड प्रोफाइल, म्हणजे हीच कोलेस्ट्रॉलची रक्ततपासणी, केलं की शरीर काय म्हणतंय ते कळतंच.

कॅप्सूल ठेवायच्या का, स्टॅटिन (एलडीएल उतरवायची गोळी) लागेल का, ते त्यांच्या डॉक्टरांवर सोडलं. काका उठले, दारातून परत वळले, "अन् उरलेली बाटली धाकट्याला देऊ का?"

म्हटलं, आधी त्याचा रिपोर्ट घेऊन त्यालाच पाठवा.