डिस्क नवी, तरी ब्रेकची थरथर का परतते?

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी सात वर्षांची आहे. कुंभार्ली घाट उतरताना ब्रेक लावला की पेडल पायाखाली थरथरते आणि स्टिअरिंगही हलते. दीड वर्षापूर्वी गॅरेजमध्ये पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड बदलून घेतले होते. काही महिने गाडी छान चालली आणि मग तोच त्रास सुरू झाला. या वेळी हे काम घरच्या अंगणात स्वतः करावे असे वाटते. काय सांभाळावे? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : डिस्क मुळातच वाकडी असती, तर थरथर पहिल्याच दिवशी जाणवली असती. ती काही महिन्यांनी आली, यावरून माझा पहिला संशय हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागावर जातो. जुनी डिस्क काढल्यावर हबच्या सपाट तोंडावर गंजाची खपली राहते आणि तिच्यावरच नवी डिस्क बसवली, तर ती किंचित तिरकी बसते. बसवलेल्या डिस्कला साधारणपणे ०.०५ ते ०.१० मिलिमीटर एवढेच डोलणे चालते. म्हणजे केसाच्या जाडीएवढी खपलीही पुरेशी ठरते. अशी डिस्क प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी पॅडला घासत राहते, हळूहळू तिची जाडी कुठे कमी, कुठे जास्त होते आणि मग ब्रेक दाबल्यावर पेडल पायाला ढकलू लागते. कोकणातल्या दमट हवेत हब लवकर गंजतो, म्हणून आपण तर याकडे दुप्पट लक्ष द्यायला हवे.

काम सपाट, कठीण जागेवर करा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना अडण लावा, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा आणि जॅकने उचललेली गाडी लोखंडी स्टँडवर टेकवा. अंगणात सहज मिळतो म्हणून जांभ्याचा चिरा गाडीखाली कधीही लावू नका. तो वजनाखाली अचानक फुटू शकतो.

कॅलिपर (पॅड धरून ते डिस्कवर दाबणारा भाग) सोडवल्यावर तो ब्रेकच्या नळीवर लोंबू देऊ नये, सस्पेन्शनच्या स्प्रिंगला तारेने बांधून ठेवावा. डिस्क हबला चिकटलेली असेल, तर तिच्या तोंडावर आट्यांची दोन छिद्रे आहेत का ते पाहा. पुष्कळ गाड्यांत ती असतात आणि त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने आवळत गेले की डिस्क आपसूक सुटून येते. धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, ती फुप्फुसात जाते. ब्रेक क्लीनरने भिजवून पुसून घ्या.

आता मुख्य काम. तारेचा ब्रश आणि बारीक पॉलिश पेपर घेऊन हबचे तोंड धातू चकाकेपर्यंत साफ करा. स्टडच्या (चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या दांड्यांच्या) भोवतालची अरुंद गोल जागा आणि मधल्या उंचवट्याची कड विसरू नका, कारण खपल्या नेमक्या तिथेच दडतात. मी साफ केलेल्या एका हबवर सगळे चकचकीत दिसत होते. बोटाचे नख फिरवले, तेव्हा एका स्टडच्या मुळाशी ते अडले. तिथे तांदळाच्या कणीएवढी खपली होती. म्हणून नजरेवर न थांबता नख फिरवून पाहा. नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल क्लीनरने धुऊन टाका.

कॅलिपरमधला, पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकलण्याआधी ब्रेक ऑइलच्या टाकीचे झाकण सैल करा आणि पातळी पाहत राहा. टाकी आधीच काठोकाठ असेल तर ऑइल बाहेर सांडते आणि रंग खाते, त्यामुळे सांडलेली जागा लगेच पाण्याने धुवावी. पिस्टन जुन्या पॅडचा आधार घेऊन सी-क्लॅम्पने सावकाश आत जातो. तो जात नसेल किंवा त्याचे रबर फाटलेले असेल, तर तिथेच थांबून गाडी गॅरेजमध्ये दाखवावी. कॅलिपरच्या सरकत्या पिना साफ करून त्यांना ब्रेकसाठीचे ग्रीस लावा. साधे ग्रीस रबर फुगवते. बोल्ट आणि चाकाचे नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या ताकदीनेच टॉर्क पान्याने आवळावेत; नट चांदणीच्या क्रमाने (एकानंतर शेजारचा नव्हे, समोरचा) आवळले नाहीत, तर साफ हबवरही डिस्क तिरकी दाबली जाते.

गाडी जागची हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. हे विसरल्यास पहिल्या ब्रेकला पेडल तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. मग नवे पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून २० पर्यंत असे आठ-दहा वेळा, मध्ये थंड होऊ देत, मध्यम ब्रेक लावावा. घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचा आधार घ्या. पायथ्याशी गाडी थांबवलीच, तर तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहू नका, कारण पॅडचे पदार्थ त्याच जागी चिकटतात.

प्रश्न : पॅड झिजले आहेत, पण डिस्क गुळगुळीत आहे. डिस्कही बदलावी का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : गुळगुळीतपणावरून ठरवू नका. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने पाच-सहा जागी, कडेचा उंचवटा सोडून, मोजा. एकही माप त्या आकड्याखाली असेल, तर डिस्क बदला, आणि ती दोन्ही बाजूंची बदला; अन्यथा नवे पॅड पुरेत. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा फार झिजला असेल, तर पिन किंवा पिस्टन अडकलेला आहे. आधी तो मोकळा करून घ्यावा.